तिरक्या अक्षरांचा धनी

आमच्या घरी माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटे असलेली मी कधी पाहिली नाहीत. त्यात आहेत शिशाचे खिळे. माझे आजोबा तालुक्याच्या गावी एका छापखान्यात कंपोझिटर होते. लग्नपत्रिका, हँडबिले, पावतीपुस्तके, सोसायट्यांचे अहवाल असली कामे ते उभ्याने करीत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात केसमध्ये आणि नजर हस्तलिखितावर. छापखाना बंद पडला तेव्हा सारे शिसे वजनावर विकले गेले. त्या दिवशी आजोबांनी मालकांना विचारून दोन मुठी खिळे घरी आणले. ते देवनागरीचे नव्हेत, इंग्रजीचे आहेत. उजवीकडे झुकलेले, वळणदार, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर असावा तसे. लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूला वधूवरांची नावे आणि डॉक्टर-वकिलांची कार्डे एवढ्यासाठीच ती केस उघडली जाई.

हेच खिळे का आणले, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, की साऱ्या केसमध्ये हीच अक्षरे सर्वांत नाजूक. तिरक्या अक्षराचे शेपूट खिळ्याच्या अंगाबाहेर येते आणि शेजारच्या खिळ्यावर टेकते. जरा जोरात आवळले की तुटते. म्हणून मालक ती केस नवख्या पोराच्या हाती देत नसत. आजोबांची आणखी एक सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. कोणतेही पुस्तक हाती आले की ते आधी मुद्रकाचे नाव शोधतात. मग पुस्तक उघडतात.

गेल्या वर्षी युरोपच्या प्रबोधनकाळाचा अभ्यास करताना आमच्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत एक नाव आले : व्हेनिसचा मुद्रक आल्डस मॅन्युशियस. तिरका म्हणजे इटॅलिक ठसा त्याने प्रचारात आणला, एवढीच माहिती. मला माळ्यावरचा डबा आठवला. आमच्या ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, सरांनी आणखी दोन पुस्तके दिली. त्या वाचनातून जो माणूस दिसला त्याची ही हकीकत.

आल्डसचा जन्म १४५० च्या सुमारास रोमच्या दक्षिणेस बास्सियानो नावाच्या लहान गावी झाला. रोममध्ये त्याने लॅटिनचे शिक्षण घेतले आणि फेरारा येथे ग्रीक. त्या वेळी इटलीत ग्रीकचे वेड होते, आणि त्याला कारणही होते. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडले. त्याच्या आधीपासून आणि नंतरही ग्रीक पंडित आपल्या पोथ्या उराशी धरून इटलीत येत होते. बेसारियन या ग्रीक कार्डिनलने तर १४६८ साली आपला सारा ग्रंथसंग्रह व्हेनिस राज्याला देऊन टाकला. पोथ्या आल्या खऱ्या, पण एकेका ग्रंथाच्या फार थोड्या प्रती. एखादी आग, एखादे युद्ध, आणि शंभर पिढ्यांचे शहाणपण राख व्हायचे.

आल्डस तेव्हा शिक्षक होता. कार्पी येथील आल्बेर्तो आणि लिओनेल्लो पिओ या राजपुत्रांना तो शिकवीत असे. त्यांचा मामा म्हणजे प्रसिद्ध विद्वान पिको देल्ला मिरान्दोला, आल्डसचा स्नेही. मान होता, दोन वेळची भ्रांत नव्हती. असा माणूस चाळिशी गाठल्यावर शाई आणि शिशाच्या धंद्यात कशाला पडेल? पण शिकवताना त्याला एकच अडचण रोज भेटत असावी : विद्यार्थ्याच्या हाती द्यायला पुस्तकच नाही. १४९० च्या सुमारास तो व्हेनिसला आला. तोवर त्या शहरात छापखान्यांची रेलचेल झाली होती. आन्द्रेया तोर्रेसानी हा मुरलेला मुद्रक आणि पिएरफ्रान्चेस्को बार्बारिगो हा राज्यप्रमुखाच्या घराण्यातला धनिक, असे दोन भागीदार त्याला मिळाले. पैसा त्यांचा, विद्या याची. नफ्यातला वाटाही त्याच बेताने, म्हणजे याचा लहान.

१४९५ साली लास्कारिसचे ग्रीक व्याकरण त्याच्या छापखान्यातून बाहेर पडले. १४९५ ते १४९८ या काळात अॅरिस्टॉटलचे ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये पाच मोठ्या खंडांत निघाले. हे काम केवढे होते याची कल्पना यावी म्हणून सांगतो. ग्रीक अक्षरे स्वरचिन्हांसह छापायची तर खिळ्यांची संख्या कितीतरी वाढते. आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांनी केसचे घर कसे भरून जाते ते आजोबांच्या पिढीला विचारावे. तीच गत तेथे होती.

ही अक्षरे कोरणारा माणूस होता बोलोन्याचा फ्रान्चेस्को ग्रिफो. कोरणे म्हणजे काय तेही सांगायला हवे. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावाचे कोरायचे. पोलाद कडक करून तो पंच तांब्याच्या तुकड्यात ठोकायचा, म्हणजे खोलगट साचा तयार होतो. त्या साच्यात वितळलेले शिसे ओतले की एक खिळा. साचा एक, खिळे हजार. पण पहिला पंच हातानेच, कानशीने आणि टोकदार हत्याराने घडवावा लागे, तोही तांदळाच्या दाण्याएवढ्या टोकावर. विद्वानाला अक्षर हवे असते, पण ते घडते सोनाराच्या जातीच्या हातांनी. पिएत्रो बेम्बो या तरुण लेखकाचे एत्ना पर्वतावरचे छोटे पुस्तक आल्डसने १४९६ मध्ये काढले. त्यातला ग्रिफोचा उभा रोमन ठसा इतका देखणा होता, की १९२९ साली इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने तो पुन्हा घडवला आणि त्याला बेम्बो हे नाव दिले. नाव लेखकाचे. कोरणाऱ्याचे नव्हे.

आता तिरक्या अक्षराकडे येतो. एप्रिल १५०१ मध्ये आल्डसने व्हर्जिलच्या काव्यांचे पुस्तक काढले. वीतभर उंचीचे. कागदाचा ताव तीनदा दुमडला की आठ पाने होतात, त्या आकाराचे. इतक्या लहान आकारात तोवर प्रार्थनापुस्तके निघत. अभिजात ग्रंथ निघत ते मोठ्या आकारात, मेजावर किंवा घोडीवर ठेवून वाचण्याजोगे, आणि मूळ संहितेच्या भोवती टीकाकारांची गर्दी. आल्डसने टीका काढून टाकली, मूळ तेवढे ठेवले आणि ग्रंथ माणसाच्या हातात दिला. घोड्यावरून जाताना, बागेत बसून, लष्करी छावणीत, कोठेही वाचा. पाठोपाठ होरेस, पेत्रार्क, दान्ते असे एकेक कवी त्याच आकारात निघू लागले.

त्या पुस्तकासाठी ग्रिफोने नवाच ठसा कोरला होता. त्याचे मूळ हस्ताक्षरात होते. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्सच्या निक्कोलो निक्कोली या ग्रंथप्रेमी गृहस्थाने ग्रंथ भराभर उतरून घेण्यासाठी एक झुकते, धावते वळण वापरले. ते विद्वानांत पसरले, पोपच्या आणि राजांच्या कचेऱ्यांत गेले. कचेरीचे अक्षर हेच त्याचे नाव झाले. हात थांबत नाही म्हणून अक्षर झुकते, लेखणी कमी उचलावी म्हणून अक्षरे एकमेकांना धरतात. जे आज आपल्याला नजाकतीचे वाटते, ते मुळात घाईचे आणि कामाचे होते.

आपल्याला हे समजायला लांब जायला नको. आपली मोडी तशीच आहे. पोथीला बालबोध आणि दफ्तराला मोडी, अशी आपली जुनी वाटणी. चिटणीस-कारकुनांच्या बोरूने लेखणी न उचलता ओळ पुरी करावी म्हणून मोडीची वळणे तशी. फरक पुढे पडला. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात मोडीचेही खिळे पाडले गेले आणि विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली मोडीत छापला गेला. पण पुढे मराठी छपाईने बालबोध पत्करली आणि मोडी दफ्तरात राहिली. इटलीत उलटे घडले. तेथे दफ्तराचे अक्षर थेट ग्रंथात आले आणि तेथेच राहिले.

लहान आकारात अधिक मजकूर मावावा म्हणून तिरका ठसा काढला असे पुष्कळदा सांगतात. ते अगदीच खोटे नाही, पण मला दुसरे कारण अधिक पटते. त्या काळचा सुशिक्षित माणूस स्वतः याच वळणाने लिहीत असे. आल्डसचे पुस्तक उघडले की एखाद्या मित्राने आपल्यासाठी नक्कल करून दिली आहे असे वाटावे, इतके ते जवळचे होते. त्या ठशात फक्त लहान अक्षरे तिरकी होती. मोठी अक्षरे अजून उभीच होती, आकाराने जरा लहान. हाताने लिहिल्यासारखे दिसावे म्हणून दोन-दोन अक्षरांचे पुष्कळ जोडखिळे पाडले होते. आमच्या डब्यातली लग्नपत्रिकेची अक्षरे बरीच अलीकडची, पुढल्या शतकांतल्या लेखनगुरूंच्या वळणाची. पण कुळाचा शोध घेत मागे गेले तर वाट या वीतभर पुस्तकाशी येते.

त्या व्हर्जिलच्या आरंभी आल्डसने लॅटिन पद्याच्या तीन ओळी छापल्या आणि बोलोन्याच्या फ्रान्चेस्कोच्या कुशल हातांची वाखाणणी केली. मालकाने कारागिराचे नाव छापणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. हे श्रेय आल्डसला दिलेच पाहिजे. पण पुढे जे झाले त्याने या तीन ओळी फिक्या पडतात. नव्या ठशाची नक्कल कोणी करू नये म्हणून आल्डसने व्हेनिसच्या राज्याकडून १५०२ साली दहा वर्षांचा हक्क मिळवला, पोपकडूनही मिळवला. हक्क आल्डसच्या नावे. ग्रिफोने आता हे अक्षर दुसऱ्या मुद्रकासाठी कोरायचे म्हटले तर त्याच्या स्वतःच्या हातालाच बंदी! तो व्हेनिस सोडून गेला. फानो येथील ज्यू मुद्रक गेर्शोम सोन्चिनो याच्यासाठी त्याने नवा तिरका ठसा कोरला. १५०३ साली सोन्चिनोने पेत्रार्कची काव्ये छापली आणि अर्पणपत्रिकेत स्पष्ट लिहिले, की आल्डसने वापरलेले सारे ठसे या फ्रान्चेस्कोच्या हातचे आहेत.

आल्डसला मात्र या हक्कांचा फारसा उपयोग झाला नाही. फ्रान्समधील लियों शहरचे मुद्रक त्याच्या पुस्तकांच्या हुबेहूब नकला काढून विकत होते. तेथे व्हेनिसचा कायदा चालत नव्हता. मार्च १५०३ मध्ये संतापलेल्या आल्डसने एक जाहीर इशारा छापला. नकली पुस्तके कशी ओळखावीत, कागद कसा हलका, अक्षरे कशी ओबडधोबड, कोणत्या पुस्तकात कोणत्या चुका, हे सारे त्याने शिक्षकी बाण्याने नीट मांडले. लियोंच्या मंडळींनी तो कागद मिळवला आणि पुढल्या आवृत्तीत त्या चुका दुरुस्त करून घेतल्या. फुकटचे प्रूफवाचन! हे वाचताना मी मोठ्याने हसलो. मग वाटले, ज्याने ग्रिफोच्या हाताला कुलूप घातले त्याच्या घरची चोरी झाली, यात काही न्यायही आहे.

पण आल्डसला लोभी म्हणून मोडीत काढणे सोपे नाही. त्याचे आयुष्य तसे साक्ष देत नाही. त्याच्या दारावर एक सूचना लावलेली असे. तिचा आशय असा, की जो कोणी येईल त्याने काम थोडक्यात सांगावे आणि निघावे. मदतीला आला असेल तरच थांबावे. ग्रीकप्रेमी मित्रांचे मंडळ काढून त्याने नियम छापले. बैठकीत ग्रीकखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्याला दंड आणि जमलेल्या दंडातून सर्वांना मेजवानी. आपल्या कॉलेजच्या इंग्रजी संभाषण वर्गात हा नियम लावला तर मेजवान्यांना तोटा पडणार नाही. नांगराला वेटाळलेला डॉल्फिन हे त्याचे बोधचिन्ह. एका जुन्या रोमन नाण्यावरून घेतलेले. घाई करावी, पण सावकाश, असा त्याचा अर्थ.

१५०५ साली त्याने भागीदार तोर्रेसानीच्या मुलीशी, मारियाशी लग्न केले. १५०६ मध्ये व्हर्जिलच्या जुन्या पोथ्या शोधत तो लोंबार्डीत फिरत होता. मान्तुआच्या हद्दीत पहारेकऱ्यांनी त्याला संशयावरून पकडले आणि काही दिवस कोठडीत डांबले. १५०८ साली इरॅस्मस त्याच्याकडे आला आणि कित्येक महिने राहिला. छापखान्याच्या एका कोपऱ्यात बसून तो म्हणींच्या ग्रंथाचा मजकूर लिही आणि ती पाने लगेच जुळाऱ्यांच्या हाती जात. पुढे इरॅस्मसने तोर्रेसानीच्या घरच्या जेवणाच्या कंजूषपणावर एक खोचक संवाद लिहिला तो भाग वेगळा. १५०९ मध्ये युरोपातल्या सत्तांनी एकजूट करून व्हेनिसवर हल्ला केला. छापखाना बंद ठेवून आल्डस शहराबाहेर पडला. १५१२ मध्ये परतला आणि १५१३ मध्ये त्याने प्लेटोचे समग्र ग्रंथ प्रथमच मूळ ग्रीकमध्ये छापले. ६ फेब्रुवारी १५१५ रोजी तो वारला. चर्चमध्ये त्याचा देह ठेवला तेव्हा भोवती त्याने छापलेली पुस्तके रचली होती. संपत्ती म्हणावी अशी त्याने मागे ठेवली नाही.

आणि ग्रिफो? १५१६ साली तो बोलोन्यात स्वतःच प्रकाशक झाला. आपल्याच कोरलेल्या इवल्या तिरक्या ठशात त्याने लहान पुस्तके काढली. त्याच वर्षी भांडणात त्याने लोखंडी कांब हाणून आपल्या जावयाला ठार केले. त्यानंतर इतिहासातून तो नाहीसा होतो. त्याच्या देहाभोवती पुस्तके रचल्याची नोंद नाही.

ठसा मात्र दोघांनाही मागे टाकून निघून गेला. इटलीहून आला म्हणून त्याला इटॅलिक म्हणू लागले. म्हणजे नाव ना मालकाचे उरले, ना कारागिराचे, उरले देशाचे. फ्रेंच मुद्रकांनी मोठी अक्षरेही तिरकी केली. सोळाव्या शतकाच्या पुढे पूर्ण पुस्तक तिरक्या ठशात छापण्याची चाल मागे पडली आणि तो उभ्या ठशाचा सोबती बनला. आज इंग्रजी पुस्तकात ग्रंथाचे नाव, परभाषेतला शब्द, नाटकातली रंगसूचना, जोर द्यायचा शब्द तिरका छापतात. वनस्पतींची शास्त्रीय नावे आणि बीजगणितातली अक्षरेही तिरकीच. उभ्या ओळीतला शब्द जरा झुकला की वाचकाला कळते, येथे आवाज बदलला आहे. देवनागरीला मात्र हे वळण उपजत नाही. आजोबा जोर द्यायच्या शब्दासाठी जाड काळे खिळे लावीत. आता संगणकावर देवनागरीही नुसती वाकवतात. पण उभे अक्षर वाकवणे वेगळे आणि धावत्या हाताने झुकलेले अक्षर वेगळे. पहिले पडल्यासारखे दिसते, दुसरे चालल्यासारखे.

एक गोष्ट मी आजोबांना बरेच दिवस सांगितली नव्हती. अमेरिकेतील एका कंपनीने १९८५ साली पेजमेकर नावाची प्रणाली काढली. मजकूर पडद्यावरच जुळवा, खिळ्याची गरज नाही. आपल्याकडच्या छापखान्यांतही ती आली, आणि आजोबांचा छापखाना ज्या बदलात बसला तो बदल हाच. त्या कंपनीने स्वतःसाठी नाव निवडले होते आल्डस. शेवटी सांगितले तेव्हा ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी फक्त विचारले, की तो कोरणारा, त्याच्या नावाची कंपनी कोणी काढली का? मी निरुत्तर झालो.

या हकिकतीत दुष्ट कोणी नाही. आल्डस नसता तर ग्रिफोने ते अक्षर कोणासाठी कोरले असते? आणि ग्रिफो नसता तर आल्डसच्या मनातले पुस्तक मनातच राहिले असते. आल्डसने तीन ओळी तरी लिहिल्या. आजोबांनी इतकी वर्षे हजारो लोकांची नावे जुळवली, पण त्यांचे स्वतःचे नाव कोणत्याही पत्रिकेच्या तळाशी आले नाही. तेथे छापखान्याचे नाव असे. ते तक्रार करीत नाहीत. धंद्याची रीतच तशी, असे त्यांचे म्हणणे.

रीत बदलायला आपल्या वार्षिकाहून सोपी जागा कोणती? संपादक मंडळाला माझी विनंती आहे. या अंकाच्या पहिल्या पानावर प्राचार्य, संपादक, सल्लागार आणि मुद्रक यांची नावे येतील. ती यावीतच. पण ही पाने ज्याने किंवा जिने संगणकासमोर बसून जुळवली, आमचे ऱ्हस्व-दीर्घ निमूटपणे सुधारले, त्या व्यक्तीचे नावही तेथे घालावे. तीन ओळी नकोत, एक पुरे. अंक घरी नेईन तेव्हा आजोबा आधी ते पान काढतील आणि चष्मा लावून वाचतील. माझा लेख ते त्यानंतर वाचतील.